शनिवारी दुपारी कॅरम बघायला जाताना

वसई-विरारमध्ये आयुष्यात कधीच कॅरम न खेळलेला माणूस सापडणं कठीण. कॅरमची मोठी स्पर्धा जागेवर जाऊन बघितलेला माणूस सापडणं त्याहून कठीण. मे महिन्याच्या सुट्टीत ओटीवर, गणपतीत मंडपामागच्या खोलीत, नाताळच्या आठवड्यात वाडीतल्या एखाद्या बल्बखाली बोर्ड मांडला जातो आणि रात्री दोन वाजेपर्यंत टकटक चालू असते. पण दादरला राज्य मानांकन स्पर्धा लागली आहे, देशातले नव्हे तर जगातले पहिल्या फळीचे खेळाडू तिथे समोरासमोर बसणार आहेत, आणि आत जायला बहुधा तिकीटसुद्धा लागत नाही, हे कळूनही आपण लोकल पकडत नाही. क्रिकेटसाठी वानखेडेला जातो, कबड्डीसाठी वरळीच्या डोमला जातो. कॅरम काय, घरीच आहे की!

घरी आहे तो वेगळा खेळ आहे. तो किती वेगळा, हे एकदा डोळ्यांनी बघावं म्हणून हा लेख. आणि पहिलाच सल्ला थोडा उलटा वाटेल: जायचं तर अंतिम सामन्याला जाऊ नका. आदल्या दिवशी दुपारी जा.

कारण सांगतो. राज्य पातळीच्या स्पर्धा बरेचदा तीन दिवसांच्या असतात आणि रविवारी संपतात. रविवारी सभागृहात एकच बोर्ड उरतो. बोर्डाची खेळायची जागा 74 सेंटीमीटर लांब आणि तेवढीच रुंद, शिवाय ती आडवी. पुढच्या दोन रांगा सोडल्या तर मागच्यांना खेळाडूंची डोकी, दिव्याची शेड आणि पंचांची पाठ यापलीकडे काही दिसत नाही. त्यात प्रमुख पाहुणे. ते यायचे असतात, मग येतात, मग त्यांचा सत्कार, मग प्रायोजकांचा सत्कार, मग ज्येष्ठ खेळाडूंचा सत्कार. यात वाईट काही नाही, स्पर्धा या माणसांच्या पैशावर आणि कष्टावर उभी असते. पण विरारहून दीड तास प्रवास करून शाल-श्रीफळ बघायला कशाला जायचं?

आदल्या दुपारी चित्र वेगळं असतं. सकाळच्या फेऱ्यांमध्ये नवख्यांची छाटणी झालेली असते. 25-0, 25-3 असे एकतर्फी गेम आटोपलेले असतात. जेवणानंतर मानांकित खेळाडू एकमेकांवर येऊन आदळायला लागतात. एकाच वेळी अनेक बोर्डांवर लढती चालू असतात, प्रेक्षक थोडे असतात आणि जे असतात त्यांतले निम्मे सकाळी हरलेले खेळाडूच असतात. तुम्ही एका बोर्डाजवळ पाच मिनिटं थांबून दुसऱ्याकडे जाऊ शकता. जगज्जेत्याच्या खांद्यामागे दोन-तीन हातांवर उभं राहून त्याचा नेम बघायची सोय दुसऱ्या कुठल्या खेळात आहे, मला तरी ठाऊक नाही.

जगज्जेता हा शब्द मी उगाच वापरत नाही. 2016 साली इंग्लंडमध्ये बर्मिंगहॅमला पुरुष एकेरीचं जागतिक अजिंक्यपद मिळवणारा प्रशांत मोरे हा रिझर्व्ह बँकेत नोकरी करणारा मुंबईकर. संदीप दिवे हाही विश्वविजेता, तोही मुंबईचाच. पुण्याचा योगेश परदेशी त्यांच्या आधीचा जगज्जेता. ही माणसं राज्य मानांकन स्पर्धेत इतरांसारखीच चिठ्ठीत नाव बघून बोर्डावर बसतात. रिझर्व्ह बँक, आयुर्विमा महामंडळ, तेल कंपन्या, जळगावची जैन इरिगेशन अशा संस्थांनी कॅरमपटूंना नोकरी दिली, संघ बांधले, म्हणून महाराष्ट्रात हा खेळ एवढा टिकला. स्पर्धेच्या कार्यक्रमपत्रिकेत खेळाडूच्या नावापुढे कंसात जिल्हा किंवा संस्था लिहिलेली असते. तिथे ‘पालघर’ दिसलं की त्या बोर्डाकडे आधी जा. पालघर जिल्हा 1 ऑगस्ट 2014 रोजी झाला. त्याआधी आपला खेळाडू ठाण्याच्या यादीत शोधावा लागायचा.

स्पर्धा कधी आणि कुठे, हे कळायचं कसं? वर्तमानपत्राच्या क्रीडापानावर, खालच्या कोपऱ्यात, एका स्तंभाची बातमी येते. ती वाचायची सवय लावा. महाराष्ट्र कॅरम असोसिएशन बऱ्याच स्पर्धांचं थेट प्रक्षेपण आपल्या यूट्यूब वाहिनीवर करते. तिथे गेलात तर चालू स्पर्धा कुठली हे लगेच समजतं. मुंबईत दादरचा शिवाजी पार्क जिमखाना हे कॅरमचं नेहमीचं ठिकाण. ठाणे, पुणे, जळगाव, रत्नागिरी, सिंधुदुर्ग इथेही मोठ्या स्पर्धा होतात. जायच्या आदल्या रात्री आयोजकांपैकी कोणाला तरी एक फोन करून ‘उद्या दुपारी कितवी फेरी?’ एवढंच विचारा. छापलेल्या वेळापत्रकावर विसंबू नका. एक लढत तीन गेमला गेली की तास सहज जातो, आणि अशा चार लढती लांबल्या की दोनची फेरी साडेतीनला सुरू होते.

आता घरचे नियम दाराबाहेर ठेवा. घरी आपण पॉइंटचा कॅरम खेळतो, काळीला दहा, पांढरीला वीस, राणीला पन्नास. तिथे तसं नाही. जो ब्रेक करतो त्याच्या पांढऱ्या नऊ, समोरच्याच्या काळ्या नऊ, मध्ये लाल राणी. आपल्या सगळ्या सोंगट्या आधी संपवणारा बोर्ड जिंकतो, आणि समोरच्याच्या जितक्या सोंगट्या बोर्डावर शिल्लक, तितके गुण त्याला मिळतात. राणी त्याने घेतली असेल तर वर तीन. म्हणजे एका बोर्डात जास्तीत जास्त बारा. पंचवीस गुण किंवा आठ बोर्ड, यांतलं जे आधी होईल तिथे गेम संपतो. तीनपैकी दोन गेम जिंकणारा पुढे जातो.

एवढं कळलं की गुणफलक वाचता येतो. 25-8 म्हणजे सरळ मामला. पण 17-14 असा गेम दिसला तर लिहिणाऱ्याची चूक समजू नका. आठ बोर्ड झाले, पंचवीसला कोणीच पोचलं नाही, म्हणून पुढे असलेला जिंकला. असे गेम जास्त बघण्यासारखे असतात. सातव्या-आठव्या बोर्डाला पुढे असलेला खेळाडू गुण वाढवायच्या नादाला लागत नाही. तो समोरच्याच्या सोंगटीपुढे आपली सोंगटी नेऊन ठेवतो, वाट अडवतो, खेळ थंड करतो. घरी आपण याला ‘रडीचा डाव’ म्हणतो. तिथे ते कसब आहे.

राणीचा एक नियम मात्र नीट समजून जा, कारण दुपारच्या अर्ध्या नाट्याचं मूळ त्यात आहे. राणीचे तीन गुण मिळतात ते आपली गुणसंख्या एकवीसपर्यंत असेल तरच. बावीस झाले की राणी घेऊनही गुण शून्य. आता समजा एक जण 22 वर आहे आणि दुसरा 16 वर. बावीसवाल्याला राणीतून काही मिळणार नाही, तरी तो धडपडून राणी घेतो आणि लगेच आपली सोंगटी पाडून ती कव्हर करतो. शेजारचा नवखा प्रेक्षक विचारतो, याला राणीचा काय उपयोग? उपयोग हा की सोळावाल्याला ती आता मिळणार नाही. बोर्ड हातातून गेलाच तरी समोरच्याचे तीन गुण कापलेले असतात. गुण मिळवायला राणी घेणं आणि गुण वाचवायला राणी घेणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कोणता खेळाडू कधी कशासाठी घेतो हे ओळखायला लागलात की चार तास कसे गेले ते कळत नाही.

दुसरा धक्का अंगठ्याचा. आपल्याकडे लहानपणी ‘अंगठा चालणार नाही’ हा पहिला नियम असायचा. अधिकृत कॅरममध्ये अंगठा चालतो, आणि चांगलाच चालतो. सोंगटी आपल्याच बाजूला, रेषेच्या मागे, कोपऱ्यातल्या भोकाजवळ पडलेली असते तेव्हा बघा. खेळाडू खुर्ची सरकवू शकत नाही, उठू शकत नाही, त्याचा हात बोर्डाच्या कोपऱ्यातल्या बाणांच्या काल्पनिक रेषेपलीकडे जाऊ शकत नाही. तो तळहात बोर्डावर टेकवतो, बोटं पुढे पसरतो, अंगठा मागे ओढतो आणि स्ट्रायकर स्वतःच्याच दिशेने सोडतो. जोर जवळजवळ नसतोच. स्ट्रायकर सोंगटीला नुसता लागतो, सोंगटी भोकाच्या काठावर येते, तिथे थांबेल असं वाटतं, आणि आत जाते. स्ट्रायकर काठावरच राहतो. तो आत गेला असता तर दंड भरावा लागला असता. हा फटका यूट्यूबवर वरच्या कॅमेऱ्यातून अगदी सोपा दिसतो. त्याच्या खांद्यामागे उभं राहिल्यावर लक्षात येतं की ती सोंगटी त्याला नीट दिसतही नव्हती.

उभं कुठे राहायचं, हा त्यामुळे महत्त्वाचा प्रश्न आहे. खेळणाऱ्याच्या मागे, जरा बाजूला, हीच जागा. तिथून स्ट्रायकर, सोंगटी आणि भोक यांची रेघ तुम्हाला त्याच्यासारखी दिसते आणि तो काय खेळणार याचा अंदाज बांधता येतो. त्याच्या समोर, म्हणजे प्रतिस्पर्ध्याच्या मागे, उभे राहिलात तर नेम धरताना त्याच्या नजरेत तुमचा हलणारा शर्ट येतो. पंच हाताने बाजूला व्हायची खूण करतात, आणि ती करायची वेळ त्यांच्यावर आणू नये. बसायला खुर्ची असली तर छानच, पण कॅरम उभ्याने जास्त दिसतो. बोर्ड स्टँडवर असतो, कमरेच्या जरा खाली, आणि वरून बघितल्याशिवाय सोंगट्यांमधली अंतरं कळत नाहीत. गुडघे दुखत असतील त्यांनी बोर्डाला खेटून असलेली पुढची खुर्ची मिळते का, ते आयोजकांना सरळ विचारावं. ज्येष्ठांना नाही म्हणणारा कार्यकर्ता मी अजून बघितला नाही.

चष्मा न्या. दूरचा नव्हे, रोजचा. दिवा बोर्डावर खाली टांगलेला असतो आणि पावडर पडलेलं चकचकीत लाकूड डोळ्यांवर येतं. थोडा वेळ बघून नजर दुसरीकडे न्यायची, मग परत.

आवाजाबद्दल. मोबाइल सायलेंट एवढ्यावर भागत नाही, कारण तो खुर्चीवर थरथरला तरी त्या शांततेत ऐकू येतो. बंद करा किंवा खिशात ठेवा. फोटो काढायचाच तर दोन बोर्डांच्या मधल्या वेळात, फ्लॅशशिवाय. चिवड्याची पिशवी बाहेर सोडा. आणि सगळ्यात अवघड गोष्ट म्हणजे सल्ला गिळा. समोर सरळ सोंगटी दिसते आहे आणि खेळाडू भलतीचकडे नेम धरतोय, अशा वेळी आपल्याकडच्या माणसाच्या तोंडून ‘अरे, ती घे ना!’ आपोआप निघतं. ते निघालं की पंच वर बघतात, खेळाडू वर बघतो, आणि तुम्हाला जमिनीत जावंसं वाटतं. त्याने ती सोंगटी मुद्दाम सोडलेली असते. भोकाच्या तोंडाशी बसलेली आपली सोंगटी म्हणजे समोरच्याची बंद झालेली वाट, ती तो शेवटीच घेणार. टाळी वाजवायची ती बोर्ड संपल्यावर, आणि शेजारच्या बोर्डावर नेम धरलेला नाही हे बघून.

एका प्रसंगी मात्र सगळे नियम मोडले जातात. एखाद्याने ब्रेक केला आणि तिथून हात न सोडता नऊच्या नऊ पांढऱ्या आणि राणी संपवली, तर तो ‘व्हाइट स्लॅम’. समोरच्याच्या ब्रेकनंतर पहिल्याच हातात काळ्या सगळ्या संपवल्या तर ‘ब्लॅक स्लॅम’. स्पर्धेत असे किती झाले याची नोंद ठेवतात, दुसऱ्या दिवशीच्या बातमीतही आकडा येतो. पाच-सहा सोंगट्या सलग गेल्या की आजूबाजूच्या बोर्डांवरचे बघे हळूहळू सरकत तिकडे जमा होतात. कोणी बोलत नाही, पण गर्दी जमते आहे यावरूनच तुम्हाला कळतं की तिकडे काहीतरी चाललं आहे. तुम्हीही सरका. प्रतिस्पर्ध्याकडे बघा. तो हात मांडीवर ठेवून बसलेला असतो, आणि आपली पाळीच न येता बोर्ड जातो आहे हे शांतपणे बघण्यावाचून त्याला दुसरं काही करता येत नाही.

महिलांच्या बोर्डांकडे पाठ करून उभे राहणारे प्रेक्षक मी बरेच बघितले, आणि ते काय घालवतात ते त्यांना कळत नाही. काजल कुमारी, आयेशा मोहम्मद, नीलम घोडके, संगीता चांदोरकर या नावांमधली कुठलीही दोन एका बोर्डावर आली तर बाकी सगळं सोडा. 2024 साली अमेरिकेतल्या विश्वचषकात चेन्नईच्या रिक्षाचालकाच्या मुलीने, काझिमाने, तीन सुवर्णपदकं घेतली तेव्हा ती सतरा वर्षांची होती. तुमच्याबरोबर दहा-बारा वर्षांची मुलगी असेल तर तिला ही गोष्ट जाताना गाडीत सांगा आणि तिथे कुमार गटाचे सामने चालू असतील तर आधी ते दाखवा. मोठ्यांचा खेळ मुलांना सोपा वाटतो, म्हणून कंटाळवाणा वाटतो. स्वतःच्या वयाचं कोणी डबल मारून सोंगटी घेताना दिसलं की त्यांचे डोळे उघडतात. सहा वर्षांखालच्यांना मात्र घरीच ठेवा. दोन तास गप्प बसणं हे त्यांचं काम नव्हे.

असाच नेमाचा दुसरा खेळ म्हणजे डार्ट्स, आणि त्याच्या दुपारची तऱ्हा याच्या अगदी उलट. वसईतल्या बऱ्याच घरांतली मुलं आता लंडनला आहेत. तिकडे डिसेंबरात गेलात तर हेही बघण्यासारखं आहे. डार्ट्सचं जागतिक अजिंक्यपद डिसेंबर 2007 पासून उत्तर लंडनमधल्या अलेक्झांड्रा पॅलेस या टेकडीवरच्या जुन्या इमारतीत भरतं आणि नाताळ ओलांडून जानेवारीच्या सुरुवातीपर्यंत चालतं. सुरुवातीच्या दिवसांत दुपारचं सत्र वेगळं, संध्याकाळचं वेगळं, तिकिटंही वेगळी. लांबच लांब टेबलं, त्यांवर बीअरचे ग्लास, अंगावर सांताक्लॉज, केळं, पोपट, वाट्टेल ते सोंग. एका हातात, म्हणजे तीन बाणांत, जास्तीत जास्त 180 गुण मिळतात. ते मिळाले की हजारो लोक तो आकडा छापलेले फलक उंचावून ओरडतात, आणि मधल्या वेळात सबंध सभागृह गाणी म्हणतं. खेळाडू त्या गोंगाटातच 2.37 मीटरवरून बाण फेकतो. भारताचा नितीन कुमारही तिथे खेळला आहे. पाचशे एकपासून उतरत शून्यावर यायचं आणि शेवटचा बाण बाहेरच्या अरुंद कड्यात किंवा अगदी मधोमध मारायचा, एवढा नियम पुरे. तिकिटं फार आधी संपतात, म्हणून मुलाला उन्हाळ्यापासूनच लक्ष ठेवायला सांगा. पिकॅडिली लाइनने वुड ग्रीनला उतरून डब्ल्यू-थ्री बस पकडली की टेकडी चढावी लागत नाही. पहिल्यांदा जाणाऱ्याने दुपारचंच सत्र घ्यावं, कारण संध्याकाळपर्यंत पिणाऱ्यांचा आवाज आपल्या सहनशक्तीच्या पुढे जातो. बाहेर पडाल तेव्हा मात्र पाच वाजताच काळोख झालेला असेल, स्वेटरवर जाड कोट हवाच.

तिथे खेळाडू गोंगाटात निवांत असतो. आपल्याकडे खुर्ची सरकल्याच्या आवाजानेही नेम हलतो. कॅरम दादरला आहे, फुकट आहे, आणि तिथे बाजूला पेला ठेवायला टेबल नाही, एवढं पुरे.

आता जाण्या-येण्याचं, कारण आपल्या भागातल्या माणसाचा बेत इथेच कोसळतो. विरार ते चर्चगेट साठ किलोमीटर, दादर त्याच्या दहा किलोमीटर अलीकडे. सकाळी अकरा-साडेअकराच्या सुमारास निघा. सकाळची मोठी गर्दी ओसरलेली असते आणि विरारहून तरी बसायला मिळतं. वसई रोडला मिळेलच असं नाही, नायगावकरांनी तर उभ्याची तयारी ठेवावी. शनिवार सुचवण्याचं आणखी एक कारण म्हणजे रविवारचा जम्बो ब्लॉक. तो कुठल्या दोन स्थानकांमध्ये आहे ते शनिवारच्या पेपरात येतं, आणि नेमका आपल्या मार्गावर असला की दीड तासाचे अडीच होतात. दादरला पश्चिमेला उतरा. फूलबाजाराच्या गर्दीतून बाहेर पडलं की शिवाजी पार्क पंधरा-वीस मिनिटांच्या चालण्यावर आहे. टॅक्सी केलीत तर गर्दीमुळे तेवढाच वेळ लागेल.

जेवण घरून करून निघा. एकदा सामने बघायला लागलात की बाहेर पडवत नाही, आणि सभागृहाच्या आसपास चहा-वड्यापलीकडे काही मिळेलच असं नाही. चार वाजता भूक लागलीच तर आस्वाद किंवा प्रकाशमध्ये साबुदाणा वडा आणि पियूष आहे. मात्र शनिवारी दोन्हीकडे नाव लिहून बाहेर उभं राहावं लागतं आणि तेवढ्यात तुमचा तिसरा गेम संपतो. त्यापेक्षा पिशवीत सुकेळी ठेवा. आगाशीकडची घरची असतील तर उत्तमच. दोन खाल्ली की संध्याकाळपर्यंत बघावं लागत नाही, आणि कुरकुर आवाजही होत नाही. हात मात्र धुवून या. चिकट हात चुकून बोर्डाला लागला तर पावडरचा सारा थर बिघडतो.

ठाण्याला स्पर्धा असेल तर घोडबंदर रस्त्याने बसने जाण्याचा मोह होतो. सकाळी ठीक, पण परतीला संध्याकाळी त्या कोंडीत सापडलात तर घरी कधी पोचाल ते सांगता येत नाही. डोंबिवली-कल्याणकडे जायचं असल्यास वसई रोड-दिवा मेमू आहे. कामण, खारबाव, भिवंडीवरून जाते, प्रवास छान होतो. पण फेऱ्या मोजक्याच, म्हणून परतीची वेळ जातानाच स्टेशनवर बघून ठेवा.

घराजवळच बघायचं तर डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात वसईला चिमाजी अप्पा मैदानावर भरणारा तालुका कला-क्रीडा महोत्सव आहेच. त्याशिवाय जिल्ह्याच्या निवड चाचण्या आणि मंडळांच्या स्पर्धा वर्षभर चालू असतात. तिथे पहिल्या फळीची नावं नसतील, पण पंच, फॉर्म, खुर्ची, दिवा हे सगळं तसंच असतं. दादरला जायच्या आधी एखादी अशी दुपार घातलीत तर तिथे गेल्यावर कुठे उभं राहायचं हे कोणाला विचारावं लागणार नाही.

दादरहून परत निघायच्या दोनच वेळा आहेत. एक म्हणजे साडेचार. दुपारच्या फेरीतली एखादी मोठी लढत संपलेली असते, शनिवार असल्याने गाड्या अजून तुंबलेल्या नसतात. दुसरी म्हणजे रात्री साडेआठनंतर, उपउपांत्य फेरी बघून. सहा ते आठच्या दरम्यान दादरला विरार फास्टमध्ये चढायचा प्रयत्न, शनिवार असला तरी, करू नका. ज्येष्ठ आणि मुलं बरोबर असतील तर नाहीच. अगदी अडकलातच तर कुठल्याही धिम्या गाडीने अंधेरीपर्यंत या आणि तिथून सुटणारी विरार लोकल बघा. अशा गाड्या थोड्या आहेत, पण आहेत, आणि त्यांत बसायला मिळतं. नाहीतर उलटं चर्चगेटला जाऊन त्याच गाडीने बसून परत यायचं. ही युक्ती विरारकराला शिकवायला नको, फक्त त्यासाठी पास किंवा तिकीट चर्चगेटपर्यंतचं काढलेलं असू द्या.

निघण्यापूर्वी दाराजवळ लावलेल्या सोडतीच्या कागदाचा मोबाइलवर एक फोटो घ्या. दुसऱ्या दिवशी घरी यूट्यूबवर अंतिम सामना लावाल तेव्हा कोण कोणाला हरवून तिथवर आला ते त्यात दिसेल. सत्कार सुरू झाले की आवाज बंद करून चहा करता येतो.